गाडी ‘मिसिंग’ मारतेय? सीएनजी किटला हात लावण्याआधी प्लग आणि कॉइल बघा



आजचा मेसेज पिकाचा नाही, गाडीचा आहे. नाशिक-जुन्नर पट्ट्यातून मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीला भाजी नेणाऱ्या आपल्या बऱ्याच गाड्या सीएनजीवरच्या ईको, सुपर कॅरी अशा आहेत. त्यातल्या निम्म्या तरी जुन्या घेतलेल्या, लाखाच्या पुढे रिडिंग गेलेल्या. पहाटे ईस्टर्न एक्सप्रेसवर अशी गाडी बंद पडली, की मेकॅनिक येईपर्यंत मेथी-कोथिंबीर मान टाकते. बिल नंतर येतं, माल आधी जातो.

चारपैकी एका सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटलं नाही, की त्याला मिसिंग म्हणतात. इंजिन थरथरतं, पिकअप पडतो, रेस दिल्यावर झटके बसतात. आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. कसारा असो की माळशेज, आपण घाट उतरतो भरलेल्या गाडीने आणि चढतो रिकाम्या गाडीने. त्यामुळे कमजोर प्लग महिनोन्‌महिने लपून राहतो आणि भरल्या गाडीने मुंबईतला उड्डाणपूल चढताना उघडा पडतो.

*चेक इंजिनचा पिवळा दिवा नीट बघा.* दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी या आणि गाडी दाखवा. दिवा *लुकलुकत* असेल तर लगेच रेस कमी करा आणि गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाग निकामी होतो. काही शे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचा खर्च असा उभा राहतो.

आता मुख्य गोष्ट. गाडी सीएनजीवर झटके देते आणि पेट्रोलवर टाकली की बरी चालते. असं झालं की “किट गेलं, इंजेक्टर बदला” असं लगेच ऐकायला मिळतं. थांबा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागते. म्हणून झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल *आधी सीएनजीवरच* उघडी पडते, पेट्रोलवर अजून काही दिवस निभावते. आधी प्लग, मग कॉइल, वायर. ते चांगले निघाले तरच गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, इंजेक्टर.

मेकॅनिकला स्कॅनर लावायला सांगा आणि आलेला कोड स्वतः लिहून घ्या. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, आणि पी०३०० म्हणजे कुठला एक नक्की नाही. समजा दुसरा निघाला. इंजिन बंद आणि थंड असताना दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावून बघा. कोड तिसऱ्यावर सरकला तर दोष कॉइलचा. दुसऱ्यावरच राहिला तर तसाच प्लग बदलून बघा. या अदलाबदलीला नवा पार्ट लागत नाही. चालू इंजिनची प्लग-वायर ओढून बघायची जुनी सवय मात्र सोडा, शॉक बसतो आणि नव्या गाड्यांत कॉइलही जाते.

प्लग, कॉइल बदलूनही दोन्ही इंधनांवर मिसिंग राहिलं तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. सीएनजी कोरडं जळतं, व्हॉल्व्हची बैठक झिजते, टॅपेटची गॅप कमी होते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. वेळेत टॅपेट सेटिंग केलं तर हेड उतरवायची पाळी बहुधा येत नाही. जुन्या गाडीत सगळ्यात दुर्लक्षित काम हेच.

पावसाळ्यात अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाण्यातून गाडी काढली आणि मिसिंग सुरू झालं, तर प्लगच्या खड्ड्यात ओल गेली का ते बघा. पण पाण्यात गाडी *बंद* पडली असेल तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि गाडी खळ्यात उभी असते त्यांनी बॉनेट उघडून वायरी बघाव्यात, उंदीर आपल्याआधी पोचलेला असतो.

जुनी गाडी घेतली आणि मागचा हिशोब माहीत नाही? मग आधी काहीच झालेलं नाही असं धरून चला. प्लग, एअर फिल्टर, गॅस फिल्टर, ऑइल, कूलंट बदला, टॅपेट तपासा, तारीख आणि रिडिंग वहीत लिहा. साधे प्लग पेट्रोलवर ३०-४० हजार किलोमीटर जातात, सीएनजीवर त्याआधीच बघावे लागतात. गॅसच्या टाकीची तपासणी दर ३ वर्षांनी बंधनकारक आहे, टाकीवरच्या पट्टीवरची तारीख आजच वाचा. गॅसचा वास आला तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, बाकी सगळं नंतर.

ज्यांच्या गाडीचं रिडिंग ८० हजारांपुढे आहे त्यांनी मीटरचा फोटो आणि प्लग शेवटचे कधी बदलले ते ग्रुपवर टाका. प्लग एकत्र मागवता येतील.