जारला मालक पाहिजे

पोरी, कारखान्याच्या सर्व्हरच्या किल्ल्या आता तुझ्या हातात आल्या. एकदा गाळप सुरू झालं की तुला मान वर करायला सवड मिळणार नाही, म्हणून मामाचं आत्ताच ऐकून घे. आज्ञा आणि फायलींचे रस्ते मी फोनवर सांगावेत तसे बोलीतच लिहिलेत, टाइप करताना तू त्यांचं इंग्रजी करशीलच.

सर्व्हरवर जावाची एकही बेवारशी जार, म्हणजे कुठल्याच पॅकेजच्या नावावर नसलेली, ठेवायची नाही. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस. बेवारशी कुठली ते ओळखायला ‘डीपीकेजी’ला मोठा एस लाव आणि पुढं त्या जारचा पूर्ण रस्ता दे. नोंद असेल तर पॅकेजचं नाव पुढ्यात येतं, नसेल तर असा रस्ता कुणाच्याच नावावर नाही म्हणून सांगतं. रेड हॅटच्या मशीनवर हेच काम ‘आरपीएम’ला क्यूएफ लावून होतं. काट्यावर नोंद झाल्याशिवाय उसाची गाडी गव्हाणीकडं सोडत नाहीत, तोच नियम इथं लाव.

हे लोकांना का जमत नाही, त्याला इतिहास आहे. सन कंपनीची जावा पूर्वी मुक्त परवान्यात नव्हती, त्यामुळं डेबियनच्या मुख्य भांडारात ती नसायची. साइटवरून फाइल उतरवायची, कुठंतरी सोडायची आणि त्याच फोल्डरात जार ओतत राहायचं, अशी त्या काळच्या माणसांना सवय लागली. नोव्हेंबर 2006 मध्ये सननं जावा जीपीएलखाली देण्याची घोषणा केली, 2007 मध्ये ओपनजेडीके आलं, आणि त्यानंतर डेबियनमध्ये जावा रीतसर नांदायला लागली. अडचण संपली, पण सवय काही गेली नाही.

त्या सवयीची किंमत डिसेंबर 2021 मध्ये सगळ्या जगानं मोजली. लॉग4जे ही नोंदी लिहिणारी साधी लायब्ररी. तिच्यात असं भोक निघालं की बाहेरच्या माणसानं लॉगिनच्या चौकटीत एक वाकडी ओळ टाकली, तरी सर्व्हर त्याच्या सांगण्यावर नाचायला लागायचा. आपल्याकडं ऐन हंगाम, काटे आणि बिलं रात्रंदिवस चालू. ज्यांचं सॉफ्टवेअर ‘लिबलॉग4जे2-जावा’ या पॅकेजवर उभं होतं, त्यांनी ‘ॲप्ट’ला अपग्रेड सांगितलं, टॉमकॅट बंद करून चालू केला आणि जेवायला गेले. बाकीचे रात्रभर ‘फाइंड’ मारत बसले. त्यात मेख अशी की नुसत्या नावानं शोधून ती सापडायचीच नाही. वॉर फायलीच्या पोटात जार, कधी त्या जारच्या पोटात आणखी एक जार, आणि एखाद्यानं सगळं कुटून एकच जाडी जार केलेली असली तर लॉग4जे हे नावही शिल्लक नाही. मग एकेक फाइल ‘अनझिप’ला एल लावून आतली यादी काढायची आणि त्यात ‘जेएनडीआयलुकअप’ नावाचा क्लास आहे का ते डोळ्यांनी बघायचं. दुरुस्तीही एकदाच येऊन थांबली नाही. 2.15 आली, ती अपुरी निघाली म्हणून 2.16, मग 2.17, आणि महिना सरता सरता 2.17.1. हातानं शोधणाऱ्यांनी तेच दळण प्रत्येक वेळी नव्यानं दळलं.

आता जागा. डेबियन आणि उबंटूत जार राहते /यूएसआर/शेअर/जावा या फोल्डरात. शेअरमध्ये का, तर बाइटकोडला प्रोसेसरशी देणंघेणं नाही. इंटेलवर चालणारी जार आर्मवर तशीच चालते. सरकारी कचेऱ्यांसाठी सीडॅकनं केलेलं ‘बॉस’ लिनक्स डेबियनवरच उभं आहे, तेव्हा तिथंही हाच पत्ता. पॅकेजच्या नावाला पुढं ‘लिब’ आणि मागं ‘जावा’ असतं. पोस्टग्रेसशी बोलायचा ड्रायव्हर ‘लिबपोस्टग्रेएसक्यूएल-जेडीबीसी-जावा’ या पॅकेजात मिळतो. तो बसवून त्या फोल्डरात बघ की. एका नावात आवृत्तीचा आकडा दिसेल आणि दुसरी नुसती पोस्टग्रेएसक्यूएल डॉट जार. आकड्याशिवायची ती सिमलिंक, आणि तुझ्या सेटिंगमध्ये नाव घालायचं ते तिचंच. उद्या ड्रायव्हर बदलला तर सिमलिंक नव्याकडं वळते, तुला फाइल उघडायलाही लागत नाही. मात्र चालू असलेल्या जावानं जुनी जार उघडून धरलेली असते, म्हणून सर्व्हिस रीस्टार्ट करायला विसरू नकोस. अपग्रेड केलं आणि रीस्टार्ट राहिलं, असे सर्व्हर मी लई बघितलेत.

लायब्ररीनं आपली रीतच बदलली तर काय, हा प्रश्न तुला पडेल. कॉमन्स-लँगच्या तिसऱ्या आवृत्तीत तसं झालं होतं. तेव्हा जुनी हलवली नाही. ‘लिबकॉमन्स-लँग3-जावा’ हे वेगळं पॅकेज शेजारी आलं आणि दोन्ही सुखानं नांदली.

जार तिथं ठेवली म्हणजे जावाला आपोआप सापडते, असं समजू नकोस. सीच्या लायब्ऱ्या लिनक्स स्वतः हुडकतो, जावा हुडकत नाही. तिला क्लासपाथ सांगावा लागतो, मग तो जारच्या मॅनिफेस्टमध्ये लिही नाहीतर सुरू करायच्या स्क्रिप्टमध्ये. कुणी /ईटीसी/एन्व्हायर्नमेंटमध्ये सगळ्यांसाठी एकच क्लासपाथ लावायला सांगितलं तर ऐकू नकोस. एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं आणि कुठून आलं ते कळत नाही. आणि जेआरईच्या लिब/एक्स्ट फोल्डरात जार टाकायची जुनी युक्ती 2017 मध्ये जावा 9 नं बंदच केली.

काट्याचं मात्र नीट समजून घे. वजन सिरियल पोर्टवरून येतं आणि ते वाचायला बऱ्याच ठिकाणी ‘लिबआरएक्सटीएक्स-जावा’ वापरतात. तिचे दोन भाग. जार नेहमीच्या जागी, आणि सीमध्ये लिहिलेला, प्रोसेसरला बांधलेला ‘एसओ’ तुकडा /यूएसआर/लिब/जेएनआयमध्ये. डेबियनच्या ओपनजेडीकेला ही जागा ठाऊक असते. बाहेरून उतरवलेल्या जेडीकेला ती माहीत नसते, मग ‘अनसॅटिस्फाइड लिंक एरर’ येतो आणि पोरं केबल बदलत बसतात. केबलला हात लावायच्या आधी जावा कुठली चाललीय ते बघ. बाहेरचीच वापरायची असेल तर ‘जावा डॉट लायब्ररी डॉट पाथ’मध्ये जेएनआयचा रस्ता घाल.

सर्व्हरवर ‘डीफॉल्ट-जेआरई-हेडलेस’ पुरे, पडद्याचा पसारा नको. पण ऊसबिलं मराठीत काढायची असतील तर फाँटकॉन्फिग आणि देवनागरी फाँट वेगळा बसव, नाहीतर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसते ठोकळे छापले जातात. फाँट असूनही भागत नाही बरं का. काही पीडीएफ लायब्ऱ्यांना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची असते हे कळत नाही, मग शिरोळचं ‘शरिोळ’ होतं आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. म्हणून लायब्ररी निवडताना इंग्रजी नमुना बघून हो म्हणू नकोस. शिरोळ, किणी, गडहिंग्लज, ज्ञानेश्वर आणि कृष्णात ही नावं छापून बघ, खरं-खोटं तिथंच कळतं.

डेबियन बदललं की जावाही बदलते. 11 व्या डेबियनमध्ये जावा 11 होती, 12 व्यात 17, 13 व्यात 21. जुन्या प्रोग्रॅमला जुनीच लागत असेल तर /यूएसआर/लिब/जेव्हीएममध्ये दोन्ही शेजारी राहतात, पण कुठली पुढं करायची ते ‘अपडेट-जावा-अल्टरनेटिव्ह्ज’ला सांगायचं, हातानं सिमलिंक ओढायची नाही. आणि जावा 8 वरून उडी मारताना जॅक्सबी लायब्ररी आठव: जावा 11 नं ती घराबाहेर काढली, आता ती ‘लिबजॅक्सबी-एपीआय-जावा’सारख्या पॅकेजातून घ्यावी लागते.

एक खरं सांगतो, सगळंच डेबियनच्या साच्यात बसत नाही. स्प्रिंगवर लिहिलेला नवा प्रोग्रॅम चाळीसेक जार मागतो, आणि भांडारातल्या आवृत्त्या मागं असतात. त्यासाठी भांडत बसू नकोस. तो प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या जारसकट /ऑप्टमध्ये एका फोल्डरात ठेव, शेजारी कुठली जार कुठल्या आवृत्तीची याची यादी ठेव, आणि त्यातली एकही /यूएसआर/शेअरमध्ये जाऊ देऊ नकोस. स्वतः आणलेली सुटी जार सगळ्यांना लागणार असेल तर /यूएसआर/लोकल/शेअर/जावामध्ये ठेव, लोकलच्या आत पॅकेज मॅनेजर ढवळाढवळ करत नाही. तिचंच पॅकेज करायचं असेल तर ‘जावाहेल्पर’मधलं ‘जेएच_इन्स्टॉललिब्स’ आकड्याचं नाव आणि सिमलिंक दोन्ही बनवून देतं, अवघड काही नाही.

प्रोग्रॅम बांधणाऱ्या मेव्हनचं दुखणं वेगळं. त्याला प्रत्येक गोष्ट नेटवरून लागते. डेबियनचा दंडक आहे की पॅकेज बांधताना नेटला हात लावायचा नाही. जे लागेल ते /यूएसआर/शेअर/मेव्हन-रेपोमधून घ्यायचं. मला हा दंडक कोल्हापुरात बसून जास्त पटतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्गच बंद पाडला होता. असल्या दिवसांत नेटचा भरवसा धरून सर्व्हर नव्यानं उभा करायला निघालीस तर अडकशील. पावसाळ्याआधी लागणारी सगळी पॅकेजं एका डिस्कवर उतरवून ठेव, आणि ती डिस्क वरच्या मजल्यावर ठेव.

आता या रविवारी एवढं कर. सर्व्हरवरच्या झाडून सगळ्या जारचे रस्ते काढ, प्रत्येकावर डीपीकेजीचा मोठा एस चालव, आणि ज्यांना मालक मिळत नाही त्यांची यादी मला पाठव. /ऑप्टमधल्या वेगळ्या काढ, उरलेल्या आपण दोघं मिळून निकालात काढू.