एस्क्यूएलाइट वापरताना तीन पथ्ये

रिचर्ड हिप यांनी २००० साली सिद्ध केलेल्या एस्क्यूएलाइटला वेगळा सर्व्हर लागत नाही. सारी माहिती एकाच फाइलीत राहते. म्हणून छोट्या ग्रंथालयाच्या नोंदींसारख्या प्रकल्पांसाठी मी विद्यार्थ्यांना तेच सुचवितो. मात्र पुढील तीन पथ्ये पाळावीत.

पहिले : दोन तक्ते जोडणारी ‘फॉरेन की’ सामान्यतः आपोआप पाळली जात नाही. ‘प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन’ ही आज्ञा प्रत्येक जोडणीच्या आरंभी द्यावी. एरवी सभासदाची नोंद खोडली, तरी त्याच्याकडील पुस्तकांच्या नोंदी निराधार उरतात.

दुसरे : हजार नोंदी सुट्या भरल्या, तर प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की होईपर्यंत थांबावे लागते. आरंभी ‘बिगिन’ व शेवटी ‘कमिट’ लिहिल्यास हे थांबणे एकदाच घडते. शिवाय मध्येच वीज गेली, तर अर्धवट भरणा मागे राहत नाही.

तिसरे : काम चालू असता फाइलीची साधी नक्कल करू नये, ती सदोष निघू शकते. २०१९ पासून उपलब्ध असलेल्या ‘व्हॅक्यूम इन्टू’ आज्ञेने प्रत काढावी आणि लगेच उघडून तपासावी. मूळ फाइल बिघडली, तर वर्षभराचे काम त्या प्रतीवरच तरते.