तीन मिनिटांची तबकडी

उर्दूत आपण ज्याला 'सदाबंदी' म्हणतो, त्याला मराठीत 'ध्वनिमुद्रण' म्हणतात. मुद्रा म्हणजे ठसा. आवाजाचा ठसा उमटवून ठेवणे, हा या शब्दाचा अर्थ. परीक्षेत पुष्कळ मुले एवढेच लिहून थांबतात. पण ठसा कशावर उमटतो आणि काय उमटायचे राहून जाते, हे लिहिल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

ते समजून घेण्यासाठी आपण मिरजेला जाऊ. साताऱ्याहून रेल्वेत बसले की कराड, सांगली मागे टाकून गाडी मिरजेला पोहोचते. तेथील सतारमेकर घराण्यांतील कारागीर दीडशेहून अधिक वर्षे सतारी आणि तंबोरे घडवीत आले आहेत. पंढरपूर भागातला मोठा भोपळा वाळवून, पोखरून त्याचा तंबोरा करतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. याच मिरजेत किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी घर केले होते.

खाँसाहेबांचे गाणे संथ. एकेक स्वर ते सावकाश उलगडत. मैफलीत एक राग तासभरही चाले. आणि ध्वनिमुद्रणाच्या तबकडीवर जागा किती? तीनच मिनिटे! दहा इंचांची तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेई. तिच्यावरची नागमोडी रेघ तेवढ्यात संपून जाई.

भारतात गाण्याच्या तबकड्या निघू लागल्या त्या १९०२ पासून. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गायकासमोर एक मोठा कर्णा असे. कर्ण्याच्या अरुंद टोकाला पातळ पडदा आणि पडद्याला सुई. आवाजाने पडदा थरथरे, सुई हले आणि फिरणाऱ्या मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जाई. मेणावरून धातूचा साचा करीत आणि साच्याने लाखेच्या तबकड्या छापीत. ही लाख बहुतेक भारतातलीच. पण १९०८ मध्ये कोलकात्यात कारखाना निघेपर्यंत तबकड्या छापल्या जात जर्मनीत. तिकडच्या माणसांना गायक कोण हे कळावे, म्हणून गौहर जान गाणे संपताच आपले नाव मोठ्याने सांगत असे.

या पद्धतीत गायकाची फार ओढाताण होई. तार स्वर लावताना डोके मागे घ्यावे लागे, नाहीतर सुई उडे. चूक झाली तर खोडून दुरुस्त करण्याची सोय नव्हती. नव्या मेणावर सगळे पुन्हा गायचे. तंबोऱ्याचा बारीक झंकार तर कर्ण्याला जवळजवळ ऐकूच येत नसे. ज्या नादासाठी मिरजेचा कारागीर घोडीवर दिवस दिवस बसतो, तोच गळून जाई!

१९२५ मध्ये विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले. मायक्रोफोनमुळे हळू आवाजही उमटू लागला. खाँसाहेबांच्या १९३४ नंतरच्या तबकड्या या नव्या पद्धतीच्या आहेत. वेळ मात्र तेवढाच, तीन मिनिटे. मग तासाभराचे काय ठेवायचे? त्यांनी घाई केली नाही; थोडेच स्वर घेतले आणि तेही सावकाश. मला वाटते, या तबकड्यांचे मोल यातच आहे.

१९३७ मध्ये प्रवासात खाँसाहेबांचे निधन झाले. मिरजेत ख्वाजा मीरासाहेब यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. पण आवाज राहिला. कर्नाटकातील गदगच्या एका मुलाने तो तबकडीवर ऐकला आणि गाणे शिकण्याचा ध्यास घेतला. तो मुलगा म्हणजे पुढे भारतरत्न झालेले भीमसेन जोशी.

आज तुमच्या घरातल्या मोबाइल फोनवर तासन्‌तास ध्वनिमुद्रण होते. तरी अंतराचा नियम बदललेला नाही. मित्राला नात किंवा कविता म्हणायला सांगा. फोन आधी एक वीत अंतरावर ठेवा, मग दहा पावलांवर. एकदा रिकाम्या वर्गात, एकदा माणसांनी भरलेल्या खोलीत. जवळ ठेवाल तर शब्द स्पष्ट येतील, पण 'प', 'फ' म्हणताना फुंकर आदळेल. लांब ठेवाल तर शब्दांपेक्षा भिंतींचा घुमारा जास्त येईल. रिकाम्या वर्गात तो अधिकच जाणवतो, कारण माणसे आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात. प्रात्यक्षिकाच्या वहीत अंतर लिहा, खोली कशी होती ते लिहा आणि मित्राच्या आवाजातले काय उमटले नाही तेही लिहा.