कॉफीसाठीं घरगुती पाक : संत्रें, आलें आणि वेलदोडा

शेतकीच्या मासिकांत कॉफीचा विषय पाहून कित्येक वाचक हें पान उलटण्याच्या बेतांत असतील. त्यांनीं क्षणभर थांबावें अशी विनंति आहे. आमचा प्रश्न कॉफीचा थोडा व संत्र्याचा अधिक आहे. गेल्या आंबिया बहारांत आमच्या बागेचा माल पाहण्यास आलेल्या व्यापाऱ्यानें निवड करितांना जें बारीक फळ बाजूस काढलें, त्याचा ढीग तीन दिवस बांधावर पडून होता. त्यास मिळणारा भाव तोडणीच्या मजुरीसही पुरणारा नव्हता. त्याच आठवड्यांत पुण्यास शिकणाऱ्या आमच्या पुतण्यानें घरीं येतांना एक बाटली आणली. कॉफींत घालावयाचा संत्र्याचा पाक, असें तिच्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलें होतें. आम्हीं महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. कागदाची मागची बाजू वाचल्यावांचून तो हातावेगळा करावयाचा नाहीं, ही खोड अद्यापि गेलेली नाहीं. बाटलीच्या मागें बारीक टायपांत साखर, पाणी, आम्ल, रंग व कृत्रिम सुवास इतक्या वस्तु नमूद होत्या. फळ काय तें चित्रांत होतें. बांधावर संत्रीं कुजावीं आणि घरांत संत्र्याच्या वासाचें साखरपाणी विकत यावें, हा हिशेब आम्हांस जुळेना. त्यावरून जे प्रयोग आम्हीं दोन बहार केले, त्यांची हकीकत व रीत येथें देत आहों.

कॉफींत सुवासिक पदार्थ घालणें ही कांहीं शहरी टूम नव्हे. आपल्याकडे लग्नकार्यांत जायफळ-वेलदोड्याची कॉफी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. अरबस्तानांत कॉफी वेलदोडा घालूनच पाहुण्यापुढें ठेवितात, आणि येमेनांत कॉफीच्या फळाच्या टरफलांचा काढा सुंठ-आलें घालून पितात. त्यास किश्र म्हणतात. तामिळ मुलखांत व केरळांत सुंठ आणि ताडगूळ घातलेली सुक्कु अथवा चुक्कु काप्पी सर्दीपडशावर घरोघर करितात. दूरच्या मेक्सिको देशांत शेतकरी मातीच्या भांड्यांत दालचिनी व उंसाचा गूळ घालून कॉफी उकळतात, हें वाचून तर आम्हांस आपल्याच चुलीजवळ बसल्यासारखें वाटलें. खुद्द कॉफीचें झाड पाहण्यास वऱ्हाडांतील मनुष्यास फार दूर जावयास नको. आमच्याच जिल्ह्यांत चिखलदऱ्याच्या थंड पठारावर कॉफीची लागवड आहे.

आतां मुख्य मुद्दा. पाक दोन जातींचे समजावेत : आंबट फळांचे व बिनआंबट मसाल्यांचे. फळांचा पाक दुधाच्या कॉफींत घालूं नये. ही गोष्ट लहानशी दिसते, पण ती ठाऊक नसल्यामुळें आमची चांगलीच फजिती झाली. पुतणीस पाहावयास आलेल्या मंडळींपुढें नवलाई म्हणून संत्र्याच्या पाकाची दुधाळ कॉफी ठेवण्याचा हट्ट आमचाच. घरांतून ‘आधीं एक कप करून पाहूं’ अशी सूचना आली होती, ती आम्हीं मनावर घेतली नाहीं. आठ कपांत आठ ठिकाणीं दूध फाटलें. (मंडळी समजूतदार निघाली, लग्न जमलें, तथापि तो विषय घरांत अद्यापि निघतो.) कारण असें कीं, दुधांतील केसीन नांवाचें द्रव्य आंबटपणानें गोठतें, आणि दूध जितकें गरम तितका थोडा आंबटपणाही त्यास पुरतो. कॉफी स्वतः थोडी आंबट असतेच. तींत संत्र्याची वा लिंबाची भर पडली कीं दूध टिकत नाहीं. म्हणून फळांचा पाक बिनदुधाच्या कॉफींत, आणि शक्यतों थंड कॉफींत वापरावा. दुधाच्या कॉफीसाठीं मसाल्यांचा पाक राखून ठेवावा.

दुसरा मुद्दा पाकाच्या बळकटीचा. पाक टिकतो तो साखरेमुळें टिकतो. साखर पुरेशी दाट असेल तर आंबविणाऱ्या सूक्ष्म जंतूंस वाढण्यापुरतें मोकळें पाणी उरत नाहीं. शंभर भार पाकांत ६५ भार साखर असावी, असें प्रमाण धरावें. पहिल्या खेपेस आम्हीं साखर व रस समसमान घेऊन तीन बाटल्या भरल्या आणि बुचें घट्ट बसवून फडताळांत ठेविल्या. अकराव्या दिवशीं रात्रीं एक बाटली फुटली व कांचा सर्व खोलींत पसरल्या. सुदैवानें तेथें कोणी निजलेलें नव्हतें. पाक आंबला म्हणजे त्यांत वायु उत्पन्न होतो, आणि बंद बाटलींत त्याचा दाब सांठत जातो. ज्या बाटलींत बुडबुडे अथवा फेस दिसेल ती घरांत न उघडतां फडकें गुंडाळून बाहेर न्यावी, बूच सावकाश सैल करावें, आणि आंतील पाक टाकून द्यावा. साखर नेहमीं वजनानें घ्यावी, वाटीनें नव्हे. ज्या वाटींत दोनशें ग्रॅम पाणी मावतें, तींत साखर सुमारें एकशें सत्तर ग्रॅमच मावते. या फरकाची भूल पडली कीं पाक पातळ होतो.

संत्र्याच्या पाकाची कृति अशी. फळ बारीक चालेल, परंतु पिकलेलें व निकोप पाहिजे. बुरशी लागलेलें एकही फळ घेऊं नये. नागपुरी संत्र्यास एक वाईट खोड आहे. रस काढतांच गोड लागतो, आणि कांहीं तासांनीं अथवा तापविल्यावर कडू होतो. फोडींवरील पापुद्रे व बिया यांत एक बेचव द्रव्य असतें. तें रसाच्या आंबटपणांत मिसळलें म्हणजे त्याचें लिमोनिन नांवाचें कडू द्रव्य बनतें. कच्च्या फळांत हा दोष अधिक व पूर्ण पिकलेल्यांत कमी असतो. आमचा पहिला घाणा मिक्सर यंत्रांत बियांसकट फिरविलेला होता. तो दुसरे दिवशीं कडुनिंबाची आठवण करून देऊं लागला. म्हणून फळ आडवें कापून हातानें हलकें पिळावें, बिया ठेचूं देऊं नयेत, व रस लागलाच पातळ फडक्यांतून गाळावा. पिळून पिळून शेवटचा थेंब काढण्याचा लोभ येथें नडतो. सुमारें अडीच किलो फळांत एक किलो रस निघतो, असें धरून चालावें.

एक किलो रसास १६०० ग्रॅम साखर लागते. रसांत स्वतःची दहा टक्क्यांच्या आसपास साखर असते, ती धरून हा हिशेब केला आहे. आदल्या रात्रीं सात-आठ फळांच्या सालीचा वरचा केशरी भाग, आंतील पांढरा भाग न घेतां, किसून याच साखरेंत चोळून झांकून ठेवावा. सालींतील सुवासिक तेल साखर ओढून घेते, आणि पाकाचा खरा वास तेथूनच येतो. ज्या बागेवर फवारणी होऊन सांगितलेले दिवस उलटले नाहींत, तेथील साल मुळींच वापरूं नये. स्वतःच्या बागेचा हाच लाभ कीं, शेवटची फवारणी केव्हां झाली तें आपणांस ठाऊक असतें. सकाळीं रस, ही साखर व दोन लिंबांचा रस पोलादी भांड्यांत घालून मंद आंचेवर ढवळावें. पितळेचें वा ॲल्युमिनियमचें भांडें नको, आंबट रस त्यास खातो. पाक उकळूं देऊं नये. कडेस बारीक बुडबुडे धरूं लागले, म्हणजे सुमारें ८५ अंश उष्णता झाली, कीं उतरावा. फेस काढून तो दहा मिनिटें पाण्यांत उकळलेल्या बाटल्यांत गरम असतांनाच भरावा. बाटल्याही तेव्हां गरमच असाव्यात, नाहींतर तडकतात. अंधाऱ्या थंड जागीं हा पाक आमच्या घरीं तीन महिने उत्तम राहिला. बाटली उघडल्यावर मात्र शीतकपाटांत ठेवून महिन्याभरांत संपवावी.

मसाल्यांचा पाक याहून सोपा. अर्धा लिटर पाण्यांत १०० ग्रॅम आल्याच्या चकत्या, दालचिनीचे दोन तुकडे व ठेचलेले वीस वेलदोडे घालून वीस मिनिटें झांकून मंद उकळावें, गाळावें, आणि जितकें वजन भरेल त्याच्या दुप्पट साखर घालून विरघळवावी. ताजें आलें दुधांत टाकल्यास दूध फाटतें, हा अनुभव पुष्कळांस असेल. आल्यांत दूध गोठविणारें एक पाचक द्रव्य आहे. तें उकळण्यानें नष्ट होतें, म्हणून आलें आधीं पाण्यांत चांगलें उकळलें पाहिजे. जायफळ या पाकांत घालूं नये, त्याचा सुवास उकळण्यांत उडून जातो. तें कप भरल्यावर वरून एक-दोन वेळां उगाळल्याइतकेंच घालावें. जायफळ फार झाल्यास तें बाधतें. एक अख्खें फळ पोटांत गेलें तर ओकाऱ्या व भ्रम होतो. गुळाचा पाक करणाऱ्यांनीं तो थोडा करून शीतकपाटांत ठेवावा व पंधरवड्यांत संपवावा. आणि दुधाच्या कॉफींत तो भांडें चुलीवरून उतरल्यावरच घालावा. उकळत्या दुधांत गूळ पडला तर काय होतें, हें गृहिणींस सांगावयास नको.

कॉफीविषयीं थोडेंच सांगावयाचें. बाजारांतील पुष्कळ पुड्यांत चिकोरीची भर असते, व तिचें प्रमाण वेष्टनावर छापलेलें असतें. दुधाच्या कॉफींत ती खपून जाते. फळाच्या पाकाबरोबर मात्र निर्भेळ पूड घ्यावी, नाहींतर चव गढूळ लागते. जाडसर पूड १०० ग्रॅम, थंड पाणी एक लिटर, असें रात्रभर झांकून ठेवून सकाळीं गाळलें म्हणजे कडवटपणा व आंबटपणा कमी असलेला अर्क मिळतो. एका पेल्यास या अर्काचा अर्धा पेला, थंड पाणी व पोह्याचे दोन चमचे संत्र्याचा पाक. वैशाखांत दुपारीं बागेंतून आल्यावर हें पेय आम्ही घेतों. दोन चमचे पाकांत सुमारें सोळा ग्रॅम साखर जाते. तेव्हां वर आणखी साखर घालूं नये, आणि मधुमेह असलेल्यांनीं यापासून दूर राहावें.

कोंकणांतील वाचकांस संत्र्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. ताज्या रातांब्यांच्या सालींत साखर भरून उन्हांत ठेवलेलें त्यांचें अमृतकोकम याच अर्कांत चांगलें जुळतें. मीठ घातलेलें आगळ मात्र येथें चालत नाहीं.

कोणी हे पाक विकण्याचा विचार करील, तर त्यानें २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आधीं करून घ्यावी. फळाचा पाक म्हणून जो विकावयाचा, त्यांत फळाचा रस निदान पंचवीस टक्के असावा लागतो. वर दिलेल्या कृतींत तो सदतीस-अडतीस टक्के भरतो, तेव्हां त्या बाजूनें अडचण नाहीं. आम्हीं अद्यापि विक्री केलेली नाहीं. मृगबहाराचें फळ फेब्रुवारी-मार्चांत हातीं येईल, त्या वेळीं बारीक माल वेगळा ठेवून वीस बाटल्या करण्याचा बेत आहे. पुतण्यास सांगून ठेविलें आहे कीं, यंदा बाटली पुण्याहून इकडे आणूं नये, इकडून तिकडे न्यावी.