जुने कोठार, नवी प्रणाली

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात प्रत्येक प्रोग्रॅम 'पॅकेज'च्या रूपाने येतो. पॅकेजांच्या साठ्यास आपण कोठार म्हणू. मूळ कोठार इंटरनेटवर असते. पण प्रत्येक संगणकाने तेच पुन्हा पुन्हा उतरवू नये, म्हणून अनेक संस्था आपल्या सर्व्हरवर स्थानिक कोठार ठेवतात. प्रणालीची आवृत्ती बदलताना घोटाळा पुष्कळदा येथेच होतो.

डेबियन या प्रणालीचे उदाहरण घेऊ. १० जून २०२३ रोजी तिची १२ वी आवृत्ती, 'बुकवर्म', निघाली. तीत वायफायसारख्या भागांना लागणारे फर्मवेअर 'नॉन-फ्री' विभागातून काढून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या नव्या विभागात ठेवले गेले. स्थानिक कोठारात हा विभाग नसेल, तर बाकी सारे नवे होते आणि फर्मवेअर तेवढे जुने राहते. कोठारातील एखादे पॅकेज जुन्या लायब्ररीस बांधलेले असेल, तर काम मध्येच अडते.

अशा वेळी घाबरून डिस्क पुसू नये. वर्षभराची टिपणेही तिच्याबरोबर जातात. त्यांची प्रत आधी दुसरीकडे घ्यावी. मग पहिली चूक वाचावी. पुढच्या बहुधा तिच्यातूनच उद्भवतात. 'एपीटी पॉलिसी' या आज्ञेने पॅकेज कोणत्या कोठारातले ते कळते. दोषी कोठाराची ओळ तात्पुरती बंद करून मूळ कोठारातून यादी ताजी करावी. अर्धवट पॅकेजे 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' या आज्ञेने पुरी करावीत आणि मगच पुढे जावे.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती पाठ तपासून. आपली रीतही तीच असावी.