मुंबईचे पहिले नभोवाणी केंद्र : एक पाठ
(इयत्ता सहावी व सातवी. विषय : इतिहास, भूगोल व अंकगणित)

पाठाचा हेतू : नभोवाणीचा आवाज दुकानात, एस. टी. गाडीत वा मोबाइलवर मुलांच्या कानी सहज पडतो. परंतु तो आवाज आपल्यापर्यंत आणण्यास पैसा लागतो व तो कोणीतरी देत असतो, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. मुंबईच्या पहिल्या केंद्राचा इतिहास ह्या दृष्टीने बोधप्रद आहे.

पाठ्यांश : मुंबईतील रेडिओ क्लबच्या हौशी सभासदांनी १९२३ साली ध्वनिक्षेपणास आरंभ केला. पुढे ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ ह्या खाजगी कंपनीने सरकारशी करार करून २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू केले. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांनी त्याचे उद्घाटन केले. २६ ऑगस्ट रोजी कंपनीचे दुसरे केंद्र कलकत्त्यास उघडले. मुंबईचा प्रक्षेपक दीड किलोवॉट शक्तीचा होता. त्याचा आवाज साध्या यंत्रावर सुमारे ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटरपर्यंतच नीट ऐकू येई.

कंपनीचे भांडवल ६ लाख रुपये होते आणि त्यातील बहुतांश रक्कम दोन केंद्रे उभारण्यातच खर्ची पडली. रेडिओ बाळगणारास वर्षाला १० रुपये परवाना फी भरावी लागे. तिच्यातील शेकडा ८० भाग कंपनीस मिळे. शिवाय परदेशातून येणाऱ्या रेडिओ यंत्रांच्या किमतीवर शेकडा १० प्रमाणे रक्कम मिळे. परंतु यंत्रे महाग होती व कित्येक लोक परवान्यावाचूनच ती वापरीत. कार्यक्रमही मुख्यत्वे युरोपियन व इंग्रजी शिकलेल्या शहरवासीयांसाठी असत. १९२९ अखेर साऱ्या देशात आठ हजारही परवाने नव्हते. १ मार्च १९३० रोजी कंपनी मोडीत निघाली.

श्रोते व व्यापारी ह्यांच्या मागणीवरून सरकारने १ एप्रिल १९३० पासून ही केंद्रे चालविण्यास घेतली. १९३१ साली काटकसरीसाठी ती बंद करण्याचे ठरले, पण लोकांच्या विरोधामुळे तो निर्णय मागे घ्यावा लागला. १९३६ साली ह्या सेवेस ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले.

पाठाची मांडणी : (१) नकाशावर मुंबईभोवती ४८ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढवावे. ठाणे व पनवेल आत येतात, तर पुणे व नाशिक बाहेर राहतात. जवळजवळ अर्धे वर्तुळ समुद्रावर पडते, हे मुलांनाच शोधू द्यावे.

(२) परवाने ८,००० धरून कंपनीचा वाटा काढवावा. वर्षाला ६४,००० रुपये येतात, म्हणजे महिन्यास सुमारे ५,३३३ रुपये. एवढ्यात दोन केंद्रांचे गायक, वादक, यंत्रज्ञ व वीज ह्यांचा खर्च कसा भागणार, असे विचारावे.

(३) पैसा देणारे कसे बदलत गेले ते सांगावे. प्रथम परवानाधारक श्रोते व नंतर सरकार. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथील विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. २००१ साली बंगलोर येथे खाजगी एफ. एम. केंद्र आले. श्रोत्यांवरील परवाना फी पुढे रद्द झाली.

सूचना : ‘कंपनी बुडाली’ एवढेच सांगून पाठ संपवू नये. ज्यांच्याकडून पैसा येतो, त्यांच्या आवडीकडे केंद्राचे लक्ष प्रथम जाते. त्या काळी खेडूत फी भरणारांत नव्हता, म्हणून कार्यक्रमांतही नव्हता. आज ऐकणाऱ्यास पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून हा प्रश्न संपला असे मात्र नव्हे. मुलांनी एखादा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकून त्यातील जाहिराती मोजाव्यात, त्या कोणास उद्देशून आहेत ते वहीत लिहावे आणि आपल्या गावाच्या उपयोगाचे त्यात काय आले तेही नोंदवावे. ऐकलेल्या आवाजामागचा हिशेब विचारण्याची सवय मुलांस लागली, की ह्या पाठाचे सार्थक झाले असे समजावे.