शाळेची वाट: पायी आणि सायकलने

प्रश्न: मुलांना पायी किंवा सायकलने शाळेत जाणे सुरक्षित व्हावे यासाठी काय करता येते?

उत्तर: शाळेच्या वाटेवरील धोका मुख्यतः वाहनांच्या वेगावर ठरतो. ताशी 50 किलोमीटरने धावणारी मोटार कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण 28 मीटर घेते. 30 च्या वेगाने तेच अंतर 13 मीटरवर येते. त्यातच नऊ-दहा वर्षांखालील मुलांना येणाऱ्या गाडीच्या वेगाचा नीट अंदाज येत नाही. त्यामुळे मुलांना उपदेश करण्याआधी वेग उतरवणे आवश्यक ठरते. नुसत्या पाटीने तो उतरत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातील गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी 10 सेंटीमीटर उंच असतो. त्यावरून गाडी ताशी 25 च्या आसपास सुखरूप जाते. गल्लोगल्ली दिसणारे अरुंद, टोकदार उंचवटे मात्र सायकलस्वारालाच पाडतात.

दुसरी अडचण पालकांच्याच वाहनांची. फाटकासमोर थांबलेल्या रिक्षा-स्कूटरींआडून मूल एकदम रस्त्यावर येते आणि चालकाला दिसत नाही. इटलीतील बोल्झानो शहरात 1989 पासून शाळा भरता-सुटताना समोरचा रस्ता थोडा वेळ वाहनांना बंद ठेवतात. तेवढे न जमल्यास वाहने शंभर-दीडशे मीटर अलीकडे थांबवता येतात.

पदपथ नसल्यास उजव्या कडेने, समोरची वाहने पाहत चालावे. सायकल मात्र डावीकडूनच. लहानांचा गट एखाद्या मोठ्यासोबत ठरल्या वेळी निघाल्यास उत्तम. हेल्मेट, चालू ब्रेक आणि मागचा लाल परावर्तक हवेतच.